कंडक्टरची मेंढरं

तुमच्या दहाव्याच्या पत्रिकेवर आबांनी तुमचा खाकी कपड्यातला फोटो छापला. छातीवर बिल्ला, केसाला चापून तेल, आणि नावाखाली ‘सेवानिवृत्त वाहक’. सेवानिवृत्त! कधी झाला होता हो तुम्ही निवृत्त? चांगली पंधरा वर्षं नोकरी शिल्लक असताना राजीनामा देऊन घरी आला होता. पण तुमच्या थोरल्या भावाला ‘मेंढपाळ’ हा शब्द छापायची शरम वाटली. मी म्हटलं, "आबा, शेवटची सहा वर्षं तर त्यांनी मेंढरंच राखली की." तर म्हणाले, "सुमन, चार पावणं वाचत्यात. जरा बरं दिसाया नगं?"

मेल्यावरसुद्धा माणसानं बरं दिसायचं. तुमच्या घराण्यात दुसरा धर्म कुठला पाळलाच नाही कुणी.

मी रडले. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी गळा फाटेस्तोवर रडले. लोकांना वाटलं, बाई नवऱ्यासाठी रडतीय. बाई नवऱ्याशी भांडत होती, हे तिथल्या एकालाही कळलं नाही. सहा वर्षांचं भांडण अर्धं टाकून निरवांगीच्या रानात झाडाखाली टेकला आणि तिथंच संपला तुम्ही. ही काय रीत झाली? भांडणातनं उठून जायची तुमची सवय जुनीच, पण या खेपेला हद्द केली.

आणि हे सगळे दहा दिवस कोण कोण येऊन बसलं, ते ऐका. तुम्हाला ‘येडा कंडक्टर’ म्हणणारे पहिल्या रांगेत. "देवमाणूस गेला," म्हणत होते. देवमाणूस! हेच चावडीवर बसून तुमच्या नकला करायचे. माझ्या कानावर यायच्या, मी काही बहिरी नव्हते. चहा पीत एक जण म्हणतो, "नोकरी असती तर दवाखाना तरी झाला असता." दुसरा म्हणतो, "नशीब." आणि आबा, तुमचे सख्खे भाऊ, सुस्कारा टाकून काय म्हणाले माहितीय? "नोकरीत असताना गेला असता, तर सुनीलला डेपोत चिकटवता आलं असतं." आपलं पोरगं शेजारी बसलं होतं, त्याच्या तोंडावर. म्हणजे तुम्ही मेला तेसुद्धा चुकीच्या धंद्यात असताना मेला, असं यांचं म्हणणं. बारामतीला कंपनीत लागलेलं पोरगं बिचारं मान खाली घालून बसलं. मी पदराआडनं बघत होते एकेकाची तोंडं. थुंकावं वाटत होतं.

पण त्यांचं काय घेऊन बसू? माझा खरा राग तुमच्यावरच हाय. हाय म्हणजे हाय. तुम्ही गेला म्हणून तो काही तुमच्यासोबत चितेवर चढला नाही.

मला कंडक्टरला दिली होती. मेंढक्याला नव्हती दिली. माझ्या बापानं आयुष्यभर मेंढरं राखली. दिवाळी झाली की कोकणाकडं निघायचं, घोड्यावर संसार, संसारावर कोंबड्या, कोंबड्यांच्या शेजारी मी. शाळा कुठं, तर जिथं मुक्काम पडेल तिथं. सातवीपर्यंत कशी शिकले, ते माझं मला ठाऊक. ओल्या लोकरीचा वास नाकात घेऊन वाढले मी. बापानं बिरोबाला हात जोडून सांगितलं होतं, पोरगी काही मेंढरामागं घालणार नाही. म्हणून तुमचं स्थळ आलं तेव्हा त्यानं दुसरं काहीच विचारलं नाही. पोरगा दिसायला कसा, रागीट हाय का, दारू पितो का, काही नाही. "लाल गाडीवर हाय," एवढंच सगळ्या भावकीला सांगत सुटला.

आणि वीस वर्षं मी कंडक्टरीणबाई होते की! बारामतीला डेपोच्या मागं दोन खोल्या, दारात नळ, संध्याकाळी फाटकाशी उभं राहिलं की ओळखीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून जायचा. गावाकडनं कुणी आलं की आधी आपल्याकडं. तालुक्याला काम असलं की "कंडक्टर जागा धरील," म्हणून माणसं माझ्या हातचा चहा पिऊन जायची. मी मिरवले. मिरवले तर मिरवले, त्यात काय चोरी हाय? माझ्या आईनं जन्मात कधी नळाचं पाणी भरलं नव्हतं.

मग एक दिवस पहिल्या पाळीवरनं तुम्ही दुपारी घरी आला. मी शेंगदाण्याची चटणी कुटत होते. तुमच्या खांद्याला कातडी पिशवी नव्हती. मी म्हटलं, "बॅग कुठं विसरला?" तर चप्पल काढता काढता म्हणाला, "राजीनामा दिला." मला वाटलं, ऊन लागलं. पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाला, "निरवांगीच्या पल्याड थोडी मेंढरं बघून ठेवल्यात. परवा आणतोय."

बघून ठेवल्यात! म्हणजे आधीच मेंढरं बघितली, मग राजीनामा लिहिला, साहेबाच्या टेबलावर ठेवला, डेपोतल्या सगळ्यांना चहा पाजला. आणि सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, मला सांगितलं. विचारलं नाही. सांगितलं. त्रेचाळीस वर्षांचं वय, पोरगं दहावीत, आणि घरातल्या बाईला खबर कशी, तर पावण्याला द्यावी तशी.

मी बोलले. फार बोलले. शेजारच्या भिंतीला कान लागले होते, तरी बोलले. "मेंढराची शेपटी धरायला माझ्या बापानं तुमाला पोरगी दिली व्हय?" असं बोलले. आणि तुम्ही काय म्हणाला? "वीस वर्सं मी दुसऱ्याच्या गाडीत उभा हाय. गाडी त्यांची, तिकीट त्यांचं, रस्ता बी त्यांनी ठरवल्याला. माझं काय, तर घंटीची दोरी." असं बोलला आणि हसला. तुम्हाला वाटलं, फार मोठं बोललो. मला वाटलं, हे वाक्य यानं महिनाभर मनात घोळवलंय. मला सोडून सगळ्या डेपोला ऐकवून झालंय. तिथंच माझं डोकं गेलं ते गेलं. मेंढरं राहू दे बाजूला. नळसुद्धा राहू दे. वीस वर्षं तुमच्या डब्यात भाकरी बांधणारीला एका शब्दानं विचारावं वाटलं नाही, हे मला लागलं.

मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, "गावाला येईन, घर सांभाळीन, पर तुमच्या वाघरीत पाय ठिवणार न्हाय." वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, तिच्या आत धनगराचं राज्य. ते राज्य तुम्हाला लखलाभ, म्हटलं.

आणि काय राज्य केलं हो पहिल्या वर्षी! धनगराच्या पोटी जन्मून मेंढरांचं ओ की ठो कळत नव्हतं तुम्हाला. कळणार कसं, मिसरूड फुटायच्या आधी गाव सोडलेलं. पण टायमाची सवय अंगात मुरलेली. पहिली गाडी सहाला सुटते, म्हणून मेंढरंही सहाला सुटणार. ऐन पावसाळा, कोवळं गवत, त्यावर दव. मी भाकरी थापता थापता सांगितलं, "अवो, दव वाळू द्या, मग सोडा. पोटं फुगत्यात." तुम्ही म्हणाला, "गाडी टायमावर सुटली पायजे." गाडी! तोंडानं गवत खाणारी गाडी कुणी बघितली का कुठं? आठ दिवसांत मेंढरं ढोलासारखी फुगली. चांगल्या चांगल्या मेंढ्या गेल्या. साऱ्या मेंढक्यांच्या जातीत ही चूक करणारा एकटाच निघाला तुम्ही, कारण बाकी कुणाच्याच हातावर घड्याळ नव्हतं. दुसऱ्या दिवसापासनं ऊन वर येईपर्यंत विडी ओढत बसायला लागला. "सुमन, तुझं बरोबर होतं," एवढं काही तोंडातनं निघालं नाही. मी वाट बघितली. भाजीत मीठ जास्त घालून बघितलं, तरी निघालं नाही.

आणि तुमचं ते ओरडणं! बाकीची माणसं मेंढराला शीळ घालतात, टकाटक जीभ वाजवतात. तुम्ही ओरडणार, "चला, पुढं सरका! दारात गर्दी नगं!" सगळं रान हसायचं. शेतात खुरपणाऱ्या बाया पोट धरून बसायच्या. मला तर गावातनं चालायची चोरी झाली. भवानीनगरच्या बाजारात एक बाई मला म्हणाली, "तुमच्या मालकांची मेंढरं उतरताना उरलेलं सुट्टं मागत्यात का वो?" मी तिला काय बोलले, ते राहू दे, तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीच तिची माफी मागितली असती.

पण नाव झालं. "कंडक्टरची मेंढरं." उसाची लागण करायच्या आधी खतासाठी रानात मेंढरं बसवायची ती कंडक्टरचीच, असं लोक म्हणायला लागले, कारण तुम्ही शब्द दिला की त्या दिवशी त्या रानात मेंढरं हजर. वेळेचं खूळ शेवटी तिथं कामाला आलं. मोटारसायकलीवर बसून, डोळ्याला काळा चष्मा लावून बागायतदार आपल्या दारात यायचे आणि लेंडीखतासाठी मिनतवाऱ्या करायचे. तुम्ही खाटेवरनं न उठता म्हणायचा, "लाइनीत या." बरं वाटायचं मला. ते मी तुम्हाला दाखवलं नाही, पण चहात दूध जरा जास्त घालायची, ते ओळखायला पाहिजे होतं. आबांनी तर आपल्या रानात फुकट मेंढरं बसवून घेतली आणि सकाळी नाकाला धोतर लावून म्हणाले, "काय रं घाण ही!" ऊस मात्र डोक्यावर दीड पुरुष गेला. तो कुणामुळं, ते नाही बोलले कधी.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहिली. नोकरीत होता तेव्हा तुम्ही मुके होता. घरी यायचा, पैशाचा हिशेब जुळला की जेवायचा, नाही जुळला की न जेवता झोपायचा. वीस वर्षांत माझ्याशी किती बोलला असाल? मेंढरात गेला आणि वाचा फुटली. पंधरा-पंधरा दिवसांनी घरी यायचा, अंगाला तो वास, दाढी वाढलेली, आणि तोंड बंद म्हणून नाही. कुठल्या ओढ्याला किती पाणी, कुठल्या मेंढीनं कसं जुळं दिलं, कुठल्या पाटलाची कशी जिरवली. हसायचा तर डोळ्यातनं पाणी यायचं. मी चुलीकडं तोंड करून ऐकायची आणि आतनं जळायची. एवढा हसरा माणूस माझ्या घरात वीस वर्षं राहत होता आणि मला कुणी सांगितलं नाही! तो हसरा माणूस मेंढरांना मिळाला. मला त्याचं उष्टं मिळालं.

तरी टायफॉईडचे दिवस मी विसरले नाही. माझा बाप गेला तेव्हा तुम्ही नोकरीत होता. रजा मिळाली नाही म्हणून तिसऱ्या दिवशी उगवला होता, तेही खाकी कपड्यात. आणि मला टायफॉईड झाला तेव्हा दुसऱ्याच्या कळपात आपली मेंढरं घालून बारामतीच्या दवाखान्यात आठवडाभर उशाशी बसून राहिला. मी तापात म्हटलं, "मेंढरं?" तुम्ही म्हणाला, "मालकाला इचारून आलोय. मालक म्हणला, बस निवांत." मग स्वतःच्याच छातीवर बोट ठेवून हसला. ऊस पिळून रस आणायचा तुम्ही माझ्यासाठी, आणि नर्स ओरडली की लपवायचा. त्या आठवड्यात मला वाटलं होतं, बोलून टाकावं. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणावं. पण ताप उतरला आणि तुम्ही "जातो" न म्हणता पहाटेच निघून गेला. पुन्हा न विचारता. म्हटलं, जा मेल्या.

तुम्ही गेला त्या दिवशी सुतक लागलं. आम्हाला लागलं. मेंढरांना कुठलं सुतक? रानातल्या मेंढक्यांनी आपल्या कळपात घालून ती घरामागं वाघरीत आणून सोडली होती. सकाळ झाली की ती वाघरीत ओरडायला लागली. इकडं बायकांचं रडणं, तिकडं मेंढरांचं. कुणाचं जास्त खरं, ते देवाला माहीत. सुनील गेला, पुतणे गेले, काठ्या घेऊन गेले. मेंढरं इकडनं तिकडं पळायची, पण जाळीतनं बाहेर यायला तयार नाहीत. शिकली-सवरली, परमनंट झालेली आपली पोरं. एकाला मेंढरू हाकता येईना. कुणीतरी चार पेंढ्या वैरण टाकली, तेवढ्यावर दोन दिवस काढले जनावरांनी. तिसऱ्या दिवशी सावडून आले, आणि मी उठले.

आबा म्हणाले, "कुठं निघालीस? सुतकात बाई मेंढरं वळायला गेली, तर लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "मग मेंढरांना बी एक पत्रिका द्या आबा. दहावा हुईस्तवर उपाशी ऱ्हा म्हणावं."

पहिल्यांदा वाघरीत पाय ठेवला. कुणी म्हणेल, मग बाईला गहिवरून आलं. काही नाही आलं. वास तोच, लेंड्या त्याच, माझ्या लहानपणापासनं रतीभर बदललेल्या नाहीत. शीळ घातली, जीभ वाजवली, माझ्या बापाची सगळी बोली बोलून बघितली. एक मेंढरू हलेल तर शप्पथ. तुम्ही त्यांना बिघडवून ठेवलेलं. मग काय करते? डोक्यावरचा पदर घट्ट धरला आणि सगळ्या भावकीसमोर, पावण्यांसमोर, आबांसमोर ओरडले, "चला, पुढं सरका! दारात गर्दी नगं!"

निघाली. शहाण्यासारखी एकामागं एक निघाली. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून बघितलं तसं तोंडात पदर कोंबला तिनं. मग रोज मीच नेली, ओढ्यापर्यंत, दव वाळल्यावर. लोक काय म्हणायचं ते म्हणाले.

आज दहावा झाला. जेवणं उठली आणि दारात टेंपो येऊन उभा राहिला. मला वाटलं, भांडी न्यायला आला. आतनं एक व्यापारी उतरला, पान खाऊन लाल झालेला, आणि थेट वाघरीकडं जाऊन मेंढरांच्या पाठी चाचपायला लागला. आबा त्याच्या मागं. सुनील जरा लांब उभा. मी सुनीलला विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "आई, आबांनी ठरवलंय. म्हटलं, तुला कशाला त्रास."

मला कशाला त्रास! सुनीलच्या तोंडावर तुमचाच चेहरा दिसला मला, नाक, भुवया, सगळं तेच. वाईट वाटायच्या आधी संताप आला. मी सरळ मांडवातनं बाहेर गेले आणि टेंपोच्या फाळक्याला हात लावून उभी राहिले.

"आबा," मी म्हटलं, "आधी मला इचारा."

"काय इचारा?"

"मेंढरं विकू का, असं इचारा."

"अगं सुमन, समदं ठरलंय. मानूस लांबनं आलाय, टेंपोचं भाडं हाय—"

"आसंना का. इचारा."

सगळे बघायला लागले. ज्यांची जेवणं झाली होती, तेही परत फिरले. आबांनी सुनीलकडं बघितलं, सुनीलनं जमिनीकडं. व्यापाऱ्यानं पानाची पिंक टाकली. आबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. तुमच्या घराण्यातल्या पुरुषाला हे दोन शब्द किती जड जातात, ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. शेवटी माझ्याकडं न बघता, टेंपोच्या चाकाकडं बघत म्हणाले, "बरं बाई. विकायची का मेंढरं?"

"विका," मी म्हटलं.

आबांचं तोंड उघडंच राहिलं. "आँ? मंग ह्यो समदा तमाशा कशापायी?"

"विका, पर कापायला नेणाऱ्याला न्हाय. राखणाऱ्याला. आन त्यो मी बघणार. ह्या टेंपोला जाऊ द्या." मग सुनीलकडं वळून म्हटलं, "तुझं काय म्हणणं हाय?" पोरगं दचकलं. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. म्हणाला, "तू म्हणशील तसं." टेंपो रिकामा गेला. आबा रागानं घरी गेले. मेंढरं मी विकणारच आहे. मला नकोच आहेत ती, कधीच नको होती. चांगला माणूस मिळेस्तोवर राखीन.

बघितलं का किती सोपं असतं? दोन शब्द. आबांसारख्या माणसाला जमले, अडखळत का होईना. त्या दुपारी तुम्ही चप्पल काढता काढता "सुमन, सोडू का नोकरी?" एवढं विचारलं असतं, तर मी खलबत्ता आपटला असता. तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, जेवायला वाढलं नसतं, रात्रभर भिंतीकडं तोंड करून पडले असते. आणि सकाळी हो म्हटलं असतं. माझ्या बापाची शपथ, हो म्हटलं असतं. वीस वर्षांत तुमचं तोंड मी रोज बघत होते. मला काय दिसत नव्हतं व्हय? तुम्हाला वाटलं, ही नाहीच म्हणेल. तसंच समजून तुम्ही गेला, आणि आता ते खोटं होतं म्हणून सांगायला मी कुणाकडं जाऊ?